वर्ग की फाइल?

मदतनिधी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना भ्रष्टाचारविरोधी प्रशिक्षण द्यायचं, तर दोन वाटा: बाहेरच्या संस्थेतला अभ्यासक्रम, नाहीतर कार्यालयातच चालू फाइलींवर सराव.

पहिलीचं उदाहरण व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्गमधली आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी अकादमी. अशा ठिकाणी कायद्याची बैठक पक्की होते, दुसऱ्या देशांतले सहकारी भेटतात. पैसा सीमेपार गेला की याच ओळखी कामी येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारातलं ६० वं कलम प्रशिक्षणावरच आहे. अडचण नेहमीचीच: खरेदी बघणारा कारकून मागे राहतो, साहेब प्रमाणपत्र घेऊन येतात आणि त्यांची बदली होते.

फाइलीवरचा सराव दिसायला रुक्ष. तीन पुरवठादारांची दरपत्रकं शेजारीशेजारी ठेवायची. रकमा वेगळ्या, पण तिन्हींत एकाच शब्दाची तीच चूक, तोच फॉन्ट; म्हणजे तिन्ही बहुधा एकाच हातची. हे एकदा स्वतः पकडलं की माणूस विसरत नाही. लाभार्थ्यांच्या यादीत ओळीने एकाच वळणाच्या सह्या दिसल्या, तरी तेच. मात्र शिकवणाराच पैसे खाणाऱ्यांच्या साखळीतला असेल, तर सगळं मुसळ केरात.

मी पैसे आधी दुसऱ्या वाटेवर घालेन, आणि शिकवायला लेखापरीक्षक बाहेरचा आणेन.