राष्ट्रीय बोल्शेविझम आणि राष्ट्रीय अराज्यवाद

ठाण्यातील वाचकांच्या चर्चांत या दोन विचारसरणींना सर्रास एकाच माळेत ओवले जाते, कारण दोन्ही भांडवलशाहीला शत्रू मानतात आणि दोन्ही राष्ट्राचा जयघोष करतात. मात्र राज्यसंस्थेचा प्रश्न आला की त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना वळतात.

जर्मनीत 1920च्या दशकात एर्न्स्ट नीकिश यांनी मांडलेल्या राष्ट्रीय बोल्शेविझमला, म्हणजे राष्ट्रवाद आणि रशियन क्रांतीतला साम्यवाद यांच्या मिश्रणाला, बलाढ्य, शिस्तबद्ध राज्य हवे होते. हिटलरविरोधामुळे 1937 मध्ये अटक झालेले नीकिश 1945 मध्ये सुटले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे एदुआर्द लिमोनोव यांनी रशियात याच नावाचा पक्ष काढला; 2007 मध्ये त्यावर बंदी आली.

ब्रिटनमधील ट्रॉय साउथगेट यांनी पुढे आणलेला राष्ट्रीय अराज्यवाद राज्यच मोडीत काढू पाहतो आणि त्याजागी वंश व संस्कृतीनुसार वेगळ्या राहणाऱ्या स्वायत्त वस्त्या कल्पितो. साउथगेट नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षातून आले होते, आणि बहुसंख्य अराज्यवादी त्यांना आपले मानत नाहीत, हे योग्यच आहे.

मला हा दुसरा पर्याय अधिक फसवा वाटतो. पहिल्यातील दडपशाही निदान उघड दिसते; दुसऱ्यात राज्य नसले तरी माणसाला वगळण्याची सत्ता उरतेच. घोडबंदर रस्त्यावर भाड्याचे घर शोधणाऱ्याला आडनाव आणि आहार विचारून नकार मिळतो, तेव्हा वगळण्याची सत्ता सोसायटीच्या बैठकीत वापरली जाते, मंत्रालयात नव्हे. तिथे निदान न्यायालयाचे दार ठोठावता येते. साउथगेट यांच्या वस्तीत नाकारलेल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची?