राजारामपुरीतली वरची खोली आणि 90 सेकंदांची गाणी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी हुपरीहून कोल्हापूरला येतो ते फक्त या खोलीसाठी. राजारामपुरीत मेन रोड सोडून गल्लीत शिरलं की कट वड्याचं एक दुकान लागतं. दुकानाच्या बाजूनं लोखंडी जिना वर जातो. वर वीस बाय बाराची खोली, शहाबादी फरशी, रस्त्याकडं दोन खिडक्या, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. पाटी नाही. तिथं आम्ही सोळा-सतरा जण ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, गाणी ऐकतो आणि त्यांना मार्क देतो. दीड वर्ष झालं. दुकानाचं नाव लिहू नको असं दुकानाच्या मालकांनी, आमच्या काकांनी, सांगितलंय, कारण वर अठरा माणसांपेक्षा जास्त मावत नाहीत. ज्याला खरंच यायचंय त्यानं खाली बसून कट वडा खावा आणि गल्ल्यावर विचारावं. काका वर पाठवतात.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण या जागेचं मोठेपण तिथं आहे. काका पूर्वी गणपतीला, लग्नाला साउंड भाड्यानं द्यायचे. तो धंदा बंद केला तेव्हा सगळं विकलं, पण 15 इंची स्पीकरची लाकडी खोकी दोन ठेवून घेतली. पहिल्या महिन्यात ती खोकी दोन कोपऱ्यांत उभी होती. आम्ही ‘अटॅक ऑन टायटन’चं 2013 मधलं पहिलं ओपनिंग, म्हणजे भागाच्या सुरुवातीचं गाणं, लावलं, लिंक्ड होरायझनचं ‘गुरेन नो युमिया’. ते गाणं म्हणजे फौज चालून यावी तसा कोरस, सुरुवातीलाच जर्मन ओळी. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पण कोरसमधला एक आवाज दुसऱ्यापासून सुटून येईना. सगळा नुसता घुमारा.

काकांनी काही न बोलता ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला आम्ही वर गेलो तर खोकी भिंतीपासून अडीच फूट पुढं आलेली आणि मागच्या भिंतीवर दोन काळ्या घोंगड्या टांगलेल्या. म्हणाले, “कोपऱ्यात ठिवलं की खर्ज फुगतोय बघ. मांडवात चालतंय ते, खोलीत न्हाई.”

त्या दिवशी मी ‘टँक!’ नेलं होतं. 1998 च्या ‘काउबॉय बीबॉप’चं ओपनिंग, योको कान्नो यांनी रचलेलं, त्यांच्याच सीटबेल्ट्स या बँडनं वाजवलेलं. माझा धंदा चांदीच्या पैंजणांचा. जोड हातात धरून हलवला की कुठल्या घुंगरात दाणा कमी आहे ते मला कानानं कळतं. तरीही हे गाणं दहा वर्षं इअरफोनवर ऐकताना त्यातला डबल बास आणि बोंगो मला एकच वस्तू वाटायचे. घोंगड्या लावलेल्या खोलीत ते वेगळे झाले. बासची तार बोटानं ओढल्यावर सुटते तो ‘टक्’ असा बारीक आवाज आधी येतो आणि मग स्वर येतो, हे मला तिथं पहिल्यांदा ऐकू आलं. मग पितळी वाद्यं एकदम उसळतात. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या दहावीच्या मुलीनं माझ्याकडं वळून बघितलं आणि नुसती मान हलवली. तिलाही तेच ऐकू आलं होतं.

आता मार्कांची पद्धत, कारण बरेच जण तेच विचारतात. प्रत्येकानं एकच गाणं आणायचं. टीव्हीवर ओपनिंगला साधारण 90 सेकंद मिळतात, म्हणून आधी तेवढंच लावायचं, तेही चित्र न दाखवता. त्या दीड मिनिटात कोणी बोलत नाही, मोबाइलकडं बघत नाही. मग पेन्सिलीनं चिठ्ठीवर दहापैकी आकडा लिहून चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. त्यानंतर चित्रासकट पुन्हा तेच गाणं आणि दुसरी चिठ्ठी. दोन्ही आकडे काका फळ्यावर लिहितात. भांडण त्याच्यानंतर. आधी बोललं की मोठ्यानं बोलणाऱ्याचा आकडा सगळ्यांचा आकडा होतो, हे आम्ही पहिल्याच महिन्यात बघितलं होतं.

दोन चिठ्ठ्यांची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. ‘मादोका माजिका’चं ‘कनेक्ट’ घ्या, 2011 चं, क्लॅरिस या जोडीनं गायलेलं. मालिका न बघता ऐकलं तेव्हा मी 6 दिले होते. गोड, हलकं, पोरींच्या जादूच्या मालिकेला शोभणारं. मग घरी बसून बाराच्या बारा भाग बघितले. दहाव्या भागानंतर ते गाणं कोणाच्या तोंडचं आहे ते कळलं आणि तोच गोडवा सोसवेना. पुढच्या खेपेला मी ते पुन्हा लावायला सांगितलं आणि 9 दिले. काकांनी फळ्यावर जुना 6 खोडला नाही, शेजारी 9 लिहिला. ते दोन आकडे शेजारी-शेजारी बघून मला फार बरं वाटलं.

सगळ्यात जास्त फाटाफूट झाली ती योआसोबीच्या ‘आयडॉल’वर. ‘ओशी नो को’चं 2023 चं ओपनिंग. अमेरिका वगळून जगातल्या गाण्यांची जी यादी बिलबोर्ड हे अमेरिकी संगीत-मासिक काढतं तिच्यात पहिल्या नंबरावर पोचलेलं ते पहिलं जपानी गाणं. आमच्या डब्यातून त्याला 10 पासून 4 पर्यंत सगळे आकडे निघाले. 4 देणारा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, दीड मिनिटात चार गाणी कोंबलीत, एकही धड बसू दिलेलं नाही. 10 देणाऱ्या ताई मराठीच्या शिक्षिका आहेत. त्या प्रत्येक गाण्याचा अर्थ आधी वहीत उतरवून आणतात. त्यांचं म्हणणं असं की जिचं खोटं हेच तिचं प्रेम झालंय अशा बाईचं ते गाणं आहे, मग चाल दर दहा सेकंदाला कूस बदलणार नाही तर काय करणार? मी 7 दिले होते. ताईंचं ऐकून मला ते कमी वाटले, आणि अजून वाटतात.

याच ताईंनी एकदा 1963 च्या ‘ॲस्ट्रो बॉय’चं गाणं आणलं. त्याचे शब्द शुंतारो तानिकावा यांचे, म्हणजे जपानच्या मोठ्या कवीचे. मुलांच्या मालिकेला इतका मोठा कवी शब्द देतो, हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की सगळी खोली सावरून बसली.

‘चेनसॉ मॅन’ला एक अख्खा रविवार गेला. 2022 च्या त्या मालिकेत बारा भाग आणि प्रत्येक भागाला वेगळं एंडिंग, म्हणजे शेवटचं गाणं. बारा गाणी म्हणजे जेमतेम 18 मिनिटांचं संगीत. आम्ही चार वाजता बसलो आणि उठलो तेव्हा खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ओपनिंगवर सगळे तुटून पडतात आणि एंडिंगला ‘स्किप’ दाबतात, ही सवय त्या दिवसानंतर आमच्यात कोणालाच राहिली नाही.

काकांविषयी सांगितल्याशिवाय ही जागा कळणार नाही. वय साठीच्या आसपास, भजनी मंडळात पेटी वाजवतात, कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेची मैफल चुकवत नाहीत. जपानीतलं एक अक्षर येत नाही. एकदा एका जुन्या मालिकेचं शेवटचं गाणं चालू असताना ते चहा घेऊन वर आले, किटली तशीच हातात धरून थांबले, गाणं संपल्यावर खाली गेले आणि पेटी घेऊन आले. सा रे ग प ध वाजवून म्हणाले, “ह्यो आपला भूपच की रं!” खरंच आहे ते. जपान्यांची ‘योनानुकी’ म्हणून पाच स्वरांच्या स्वरमाला आहेत. शब्दाचा अर्थच चौथा आणि सातवा वगळलेला. शुद्ध स्वरांतली योनानुकी म्हणजे नेमके भूप रागाचे स्वर. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन वेगळं असतं, हेही काकांनीच लगेच सांगितलं. पण तेव्हापासून ते स्वतः चिठ्ठी टाकतात आणि त्यांची चिठ्ठी काय निघते याची सगळ्यांना उत्सुकता असते.

त्यांनी स्वतः आणलेलं एकमेव गाणं ‘जंगल जंगल बात चली है’. 1993 ला दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. ती मालिका मुळात जपानची, निप्पॉन ॲनिमेशननं 1989 ला केलेली. जपानमध्ये तिचं गाणं वेगळं. हिंदीसाठी गुलजार यांनी शब्द लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी चाल लावली. मग हे ॲनिमेचं गाणं धरायचं का? चित्र जपानी, गाणं आपलं. अर्धा तास वाद झाला. मी धरायचं या बाजूचा होतो आणि आहे, कारण त्या वेळच्या लाखो पोरांना ॲनिमे हा शब्द माहीत नसताना या गाण्यानं हाक मारून टीव्हीसमोर बसवलं. गाणं लागलं तेव्हा मात्र गप्प बसायचा नियम मोडला. सगळे गायले. त्या गाण्याला आकडा दिलेला नाही. फळ्यावर नुसतं नाव आहे.

खायचं-प्यायचं: माणशी 100 रुपये, त्यात दोन चहा आणि एक प्लेट कट वडा. कट झणझणीत, पण जाळणारा नाही. वडा मध्यंतरात येतो, म्हणजे गाण्याच्या वेळी चमच्यांचा आवाज होत नाही. आधी आम्ही शहरातल्या दुसऱ्या एका कॅफेत जमायचो. तिथं दर अर्ध्या तासाला ऑर्डर द्यावी लागायची आणि एकदा गाणं मध्यावर आलेलं असताना येऊन आवाज बंद केला. त्या संध्याकाळी आम्ही फूटपाथवर उभं राहून दोघांत एक इअरफोन वाटून उरलेली गाणी ऐकली होती. म्हणून या खोलीची किंमत आम्हाला जास्त कळते.

उणिवाही आहेत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसवत नाही, एकच पंखा आहे आणि तो गाण्याच्या वेळी बंद करावा लागतो. संध्याकाळी सहानंतर गल्लीत गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, त्यामुळं मंद, हळू गाणी चार ते साडेपाचमध्येच उरकावीत. जिना उभा आहे. आमच्यातल्या एकाच्या आईला वर यायचं होतं, त्यांना दोन माणसांनी हात द्यावा लागला. काकांनी कठडा बसवून घ्यावा अशी माझी मनापासून विनंती आहे. वर नेटला धड रेंज येत नाही, म्हणून गाणी घरूनच उतरवून आणा. एकदा ‘नारुतो शिप्पुडेन’च्या ‘सिल्हूएट’ या ओपनिंगच्या ऐन चढावर मोबाइल ॲपची जाहिरात वाजली आणि त्या गाण्याची पहिली चिठ्ठी रद्द करावी लागली.

गाडी मेन रोडलाच लावा, गल्लीत वळायला जागा नाही. चारला सुरू म्हणजे चारला सुरू, उशिरा येणाऱ्यानं गाणं संपेपर्यंत जिन्यात थांबायचं. येत्या दुसऱ्या रविवारी मी ‘सामुराई चाम्प्लू’चं एंडिंग ‘शिकी नो उता’ नेणार आहे, नुजाबेसची चाल आणि मिन्मीचा आवाज. पहिल्या फेरीतच लावायला सांगितलंय, हॉर्न सुरू व्हायच्या आत.