ऑर्गन शिकताना: आधी सूर जोडायला शिकावं की सोडायला?

पियानोवरून चर्चमधल्यासारख्या पाइप ऑर्गनकडे येणाऱ्याला पहिल्या महिन्यातच एक निवड करावी लागते, आणि बहुतेकांची ती नकळत होऊन जाते. जे शिक्षक मिळतात त्यांची रीत ती आपली रीत. माझंही तसंच झालं. चार वर्षं एका रीतीने वाजवल्यावर दुसरी भेटली, आणि पुढे जवळजवळ वर्षभर बोटांना आणि पायांना नव्याने वळण लावावं लागलं. ज्यांची निवड अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी या दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडतो. स्टॉप म्हणजे काय, मॅन्युअल किती असतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिली रीत लेगाटोची. दोन सुरांत फट नाही आणि एकावर एक चढणंही नाही. एक पट्टी वर येते त्याच क्षणी दुसरी खाली जाते. बोटं पुरली नाहीत तर धरलेल्या पट्टीवरच आवाज न होऊ देता बोट बदलायचं, अंगठा एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर सरकवायचा. ऑर्गनला पायांनी वाजवायच्या पट्ट्याही असतात (पेडल, म्हणजेच पेडलबोर्ड). पायांनाही हाच नियम, म्हणून चवडा आणि टाच दोन्ही पहिल्यापासून कामाला. बेल्जियमचा ऑर्गनवादक लेमेन्स याने १८६२ मध्ये आपली अभ्यासपद्धती छापली. त्याचे शिष्य गिल्माँ आणि विदोर, आणि त्या दोघांकडे शिकलेला मार्सेल द्युप्रे. या द्युप्रेने १९२० मध्ये पॅरिसमध्ये अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या सगळ्या ऑर्गनरचना दहा कार्यक्रमांत तोंडपाठ वाजवल्या. तेव्हा ही रीत कच्ची आहे असं कोणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही.

दुसरी रीत वयाने जुनी. तिच्यात प्रत्येक सूर पुढचा सूर येण्याच्या किंचित आधी सोडायचा. जर्मन संगीतलेखक मार्पुर्गने १७५५ मध्ये हेच वादनाची साधारण चाल म्हणून नोंदवलं आहे: सलग जोडणं एका टोकाला, तोडून वाजवणं दुसऱ्या टोकाला, आणि या दोन्हींहून वेगळी ही रोजची चाल. बाखने १७२० मध्ये आपल्या मोठ्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत एक छोटी रचना आहे, तिच्यावर बोटांचे आकडे त्याने स्वतः घातले आहेत. उजव्या हाताला चढत्या सुरांवर तिसरं-चौथं, तिसरं-चौथं. पियानोवाल्याला हे पाहून धक्का बसतो. पण तसं वाजवून बघितलं की माझ्या हाताला तरी सुरांच्या जोड्या आपोआप सुटतात, मुद्दाम सोडाव्या लागत नाहीत. या रीतीत पाय मुख्यतः चवड्यांनी चालतात, डावा-उजवा आलटून पालटून.

हा प्रश्न पियानोवर इतका का टोचत नाही? पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विझत जातो, आणि उरलेलं पायाखालचं पेडल सांभाळून घेतं. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत आहे तसाच उभा राहतो आणि सोडली की संपतो. हार्मोनियम वाजवलेल्यांना हे निम्मं ठाऊक असतं, पण तिथे भात्याने सूर फुगवता येतो, दबवता येतो. ऑर्गनवर बोटाच्या जोराने काही होत नाही. एखादा सूर ठासून सांगायचा असेल तर त्याच्या आधी थोडी शांतता ठेवायची, एवढाच उपाय हातात असतो. म्हणजे पट्टी कधी दाबली याइतकंच ती कधी सोडली हेही संगीत आहे. दोन्ही रीतींचे शिक्षक हे मान्य करतात. भेद एवढाच, की लेगाटोवाले आधी जोडायला शिकवतात आणि सोडणं मागाहून आणतात, तर जुन्या रीतीत सोडणं पहिल्या दिवशी येतं.

पायांच्या बाबतीत मला जुनी रीत सोपी गेली. टाच विसरायची आणि बुटाच्या पुढच्या भागाची आतली कड पट्टीवर टेकवायची. हालचाल घोट्यातून, मांडीतून नाही. पट्ट्या शोधायच्या त्या काळ्या पट्ट्यांच्या मधल्या रुंद जागांवरून: दोनाच्या आणि तीनाच्या गटांमध्ये जी मोकळी जागा असते ती चवड्याला दोन आठवड्यांत ओळखू येते आणि नजर वर राहते. लेगाटो शिकत होतो तेव्हा प्रत्येक सुरावर खुणा लिहायचो, चवड्याला टोपीसारखी, टाचेला वाटीसारखी, उजव्या पायाची खूण ओळीच्या वर आणि डाव्याची खाली. खुणा वाचण्यातच लक्ष जायचं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. आजचे बरेच पेडलबोर्ड ३० किंवा ३२ पट्ट्यांचे असतात, आणि त्यांतले मधे खोलगट, पंख्यासारखे पसरलेले बोर्ड टाचेला सोयीचेच आहेत. जुने सपाट, सरळ, आखूड पट्ट्यांचे बोर्ड टाचेला जागाच देत नसत. म्हणून नव्या बोर्डावर टाच अजिबात न शिकणं म्हणजे हातात असलेलं साधन बाजूला ठेवणं. मी ती शिकलो, पण चवडे पक्के झाल्यावर. बूट पातळ तळव्याचे आणि थोड्या टाचेचे हवेत, हे दोन्हीकडे सारखंच.

आता ज्या एका त्रासाने माझा कल ठरला त्याबद्दल. लागोपाठ दोनदा येणारा तोच सूर.

दोन वेगळे सूर तुम्ही कितीही घट्ट जोडू शकता. पण तोच सूर पुन्हा वाजवायचा तर पट्टी वर यावीच लागते, म्हणजे फट पडणारच. लेगाटोत बाकी कुठेच फट नसते, त्यामुळे ही एकच फट उठून दिसते. त्यावर उपाय आहे: शांतता मोजून द्यायची, बहुतेकदा सुराचं निम्मं मूल्य कापून. एका ओळीपुरतं हे जमतं. चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या चार आवाजांच्या स्तोत्रात मात्र हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मात्रेला समोर येतो. वरच्या आवाजात तोच सूर तीनदा, त्याखालचा आवाज, आल्टो, हलतो आहे, त्याखालचा टेनर जागच्या जागी, सर्वांत खालचा बास उडी मारतो आहे. मला शिकवलेला नियम असा: वरच्या आवाजाचे पुन्हा येणारे सूर तोडायचे, मधल्या आवाजांचे बांधून ठेवायचे, बासचं प्रसंग पाहून ठरवायचं. म्हणजे एकाच हाताच्या करंगळीने सुटायचं, त्याच वेळी दुसऱ्या बोटाने धरून राहायचं आणि तिसऱ्याने सलग सरकायचं.

हे शिकता येत नाही असं नाही. शेकडो वादक सुंदर करतात. पण माझा निम्मा सराव कुठला सूर बांधायचा आणि कुठला तोडायचा हे पेन्सिलने लिहिण्यात जायचा. आणि एवढं करून मोठ्या, घुमणाऱ्या सभागृहात वाजवलं की जोडलेले सूर एकमेकांत मिसळून धूसर व्हायचे आणि तोडलेले तेवढे उचकी लागल्यासारखे ऐकू यायचे. गाणारी मंडळी प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा मागे राहायची. मी लय आणखी घट्ट धरायचो, ती आणखी मागे पडायची. बरेच दिवस दोष गाणाऱ्यांचा वाटला. नंतर कळलं, की पुढची मात्रा नेमकी कुठे पडते आहे हे त्यांना माझ्या वाजवण्यातून ऐकूच येत नव्हतं.

निर्णय झाला तो बाखच्या एका छोट्या रचनेवर. ‘ऑर्गेलब्युखलाइन’ या त्याच्या संग्रहातली फा मायनरमधली ती तीन आवाजांची रचना, बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ६३९. या संग्रहाच्या मुखपृष्ठावर बाखने तो शिकाऊ ऑर्गनवादकासाठी आहे आणि त्यातून पेडलचा अभ्यास व्हावा, असं स्वतः लिहिलं आहे. या रचनेत उजव्या हाताला सजवलेली चाल, डाव्या हाताला मात्रेत चार सूर, आणि पायांना मात्रेत दोन, एकसारखे धडधडणारे, त्यांत तोच सूर पुन्हा येणारे कितीतरी. मी वाजवायचो तेव्हा ती धडधड लंगडायची. सूर बदलला की चिकटलेला, तोच आला की तुटलेला. मोजून मोजून थकलो. दुसऱ्या शिक्षकांनी ऐकलं आणि एवढंच सांगितलं, “सगळेच सारखे सोडा. बदललेला काय, तोच काय, पायाला फरक कळू देऊ नका.” आठवड्याभरात पेडल सरळ चालू लागलं. माझं कसब एका आठवड्यात वाढलं नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर मी चार वर्षं पाठ करत होतो तो प्रश्नच त्या रीतीत उरला नव्हता. सगळ्या सुरांभोवती थोडी हवा असली की पुन्हा येणारा सूर वेगळा पडत नाही. मग स्तोत्रंही तशीच वाजवून पाहिली, आणि मंडळी मात्रेवर येऊ लागली.

जुन्या रीतीचे त्रास मी झाकून ठेवणार नाही. पहिले काही महिने हात हवेत उडतात. ‘सोडा’ म्हटलं की शिकणारा तोडतो, आणि वाजवणं ठोकल्यासारखं होतं. फट किती ठेवायची हे जागेप्रमाणे, लयीप्रमाणे, मात्रेच्या वजनाप्रमाणे बदलतं, ते कुठल्याच आकड्यात बसत नाही. तसा आकडा हवा असणाऱ्या माणसाला लेगाटोचा स्वच्छ नियम जास्त आधार देईल. शिवाय ट्रॅकर यंत्रणेच्या, म्हणजे पट्टी आणि नळीची झडप थेट काड्यांनी जोडलेल्या ऑर्गनवर पट्टी दाबताना झडप उघडल्याचा बारीक खटका बोटाला कळतो, आणि तिथे सोडणं शिकायला बोटालाच शिक्षक मिळतो. विजेच्या यंत्रणेवर किंवा घरच्या डिजिटल ऑर्गनवर तो सहसा नसतो. हेडफोन लावून कोरड्या आवाजात सुटे सूर उघडेबोडके वाटतात, आणि आपण चुकतो आहोत असा भास होतो. मला तिथे दोन महिने नेट धरावा लागला.

आणि सेझार फ्रांक वाजवायचा असेल तर लेगाटोला पर्याय नाही. फ्रेंच ऑर्गन बांधणारा कावाये-कोल याच्या मोठ्या ऑर्गनांसाठी लिहिलेलं ते लांब श्वासाचं संगीत फटी सहन करत नाही. ज्यांचं मन एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतावरच जडलं आहे त्यांनी सरळ लेगाटोने सुरुवात केली तर मी त्यांना अडवणार नाही. बाख, त्याच्या आधीच्या पिढीतला बुक्स्टेहुड आणि रोजची स्तोत्रं वाजवायची असतील तर मात्र माझ्या मते आधी सोडायला शिकावं आणि जोडणं दुसऱ्या वर्षी आणावं. मी हे उलट क्रमाने केलं, आणि घट्ट जोडायची सवय लागलेलं बोट उचलायला शिकवणं मला फार जड गेलं. उचलणाऱ्या बोटाला थांबायला शिकवणं त्यापेक्षा हलकं असावं. माझ्यासोबत सराव करणाऱ्या दोघांना त्या क्रमाने जाताना पाहिलं आहे, त्यावरून म्हणतो.

सराव कसा करायचा याबाबत दोन्ही रीतींत फारसा फरक नाही. उजवा हात आणि पाय, मग डावा हात आणि पाय, मग तिन्ही. यातला मधला टप्पा सर्वांत जास्त वेळ मागतो, कारण पियानोवर बास डाव्या हाताचा असतो आणि तो हात पायांच्या मागे ओढला जातो. माझ्या वीस मिनिटांतली दहा तिथेच जातात. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली: सरावाला पेडलवर १६ फुटी स्टॉप, म्हणजे लिहिलेल्या सुराहून एक सप्तक खाली वाजणारा नळ्यांचा संच, काढू नये. खोल सुरांच्या लांब नळ्या सावकाश बोलतात, त्यामुळे सूर नेमका कुठे सुटला ते त्या घुमण्यात झाकलं जातं. लिहिल्या उंचीवरच वाजणारा एकच ८ फुटी स्टॉप घ्या, डिजिटल असेल तर घुमारा बंद करा, म्हणजे पायांचं खरं काय चाललं आहे ते उघडं पडतं.

अजून ठरत नसेल तर दोन आठवडे असं करून बघा. चार आवाजांचं, तेच सूर पुन्हा पुन्हा येणारं एखादं साधं स्तोत्र निवडा. पहिला आठवडा ते पूर्ण सलग वाजवा, दुसरा आठवडा प्रत्येक सुराचा साधारण शेवटचा चौथा हिस्सा सोडून. दोन्ही वेळा ध्वनिमुद्रण करा, आणि शक्य असेल तर कोणाला तरी त्यावर गायला सांगा. गाणारा कुठे अडखळतो तेवढं ऐका.

जवळचे शिक्षक लेगाटोचेच असतील तर रीतीपायी शिक्षक सोडू नका. एकट्याने पेडल शिकताना लागलेल्या चुकीच्या सवयी या सगळ्या वादापेक्षा जास्त नुकसान करतात. फक्त पहिल्या-दुसऱ्या तासालाच त्यांना एक विचारून घ्या: तोच सूर लागोपाठ आला तर आधीचा किती लवकर सोडायचा, आणि त्याच्या आजूबाजूच्या सुरांचं काय करायचं? हाताला वळण लागण्याआधी हे उत्तर मिळालेलं बरं.