डाळमिलच्या भट्टीत ३१० स्टीलची प्लेट: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

जळगावात आमची डाळमिल आहे. ऊन असलं की डाळ गच्चीवर वाळते, पावसाळ्यात मात्र ड्रायरशिवाय गत्यंतर नाही. त्याला गरम हवा देणारी भट्टी पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर चालते. ज्वाळा थेट हवा तापवणाऱ्या नळ्यांवर आदळू नये म्हणून आत जी बॅफल प्लेट असते, ती गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ३०४ ऐवजी ३१० ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची बसवली. आता उन्हाळा लागलाय, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधीच्या ३०४च्या प्लेटला फोड यायचे आणि भट्टी थंड झाली की काळपट तांबूस पापुद्रे खाली पडायचे. ते लोहचुंबकाला चिकटायचे. ३०४ स्वतः चुंबकाला जवळपास चिकटत नाही. म्हणजे पापुद्रा लोखंडाच्या ऑक्साईडचा, क्रोमियमचं संरक्षण केव्हाच संपलेलं. आमच्याकडे प्लेटपाशी तापमान ७०० अंशांच्या आसपास असतं. स्टीलच्या तापमानाच्या तक्त्यात ३०४ची मर्यादा सतत तापण्यासाठी ९२५ आणि तापून थंड होत राहण्यासाठी ८७० अंश दिलेली असते. फॅब्रिकेटरही तेच सांगतो, 'भाऊ, ३०४ बिनधास्त चालेल.' पण ते आकडे कोरड्या हवेचे आहेत.

भट्टीतला धूर कोरडा नसतो. लाकूड अगदी कडक वाळलेलं असलं तरी त्यात सुमारे ६ टक्के हायड्रोजन असतो आणि तो जळून किलोमागे अर्धा लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. पऱ्हाट्या भिजलेल्या असल्या तर त्यात आणखी भर. स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर. ६०० अंशांच्या वर वाफ आणि ऑक्सिजन मिळून त्याच थराचं वायुरूप संयुग करतात आणि क्रोमियम धुराबरोबर निघून जातं. आतून क्रोमियम वर येण्याचा वेग कमी पडला की लोखंड उघडं पडतं आणि मग गंज झपाट्याने धावतो. ३०४मध्ये क्रोमियम सुमारे १८ टक्के, ३१०मध्ये २५, शिवाय निकेल २० टक्के. हा साठाच इथे कामाला येतो.

तर अनुभव. संपूर्ण पावसाळा काढूनही प्लेट सरळ आहे. पृष्ठभाग एकसारखा गडद राखाडी, पापुद्रे जवळपास नाहीत. खराब झाला तो एक जोड. तिथे कारागिराने वेल्डिंगला ३०८ची रॉड वापरली होती, तेवढीच रेघ तांबूस होऊन खरबरीत झाली, दोन्ही बाजूंची प्लेट मात्र शाबूत. ३१०ला ३१०चीच रॉड लावून घ्या, समोर उभं राहून.

राखेकडेही लक्ष द्या. शेतातल्या काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. ते क्रोमियमशी मिळून पिवळं क्रोमेट बनवतं आणि थर पोखरतं. प्लेटच्या कडेला पिवळसर डाग दिसला तर कोरडं खरवडू नका. ती भुकटी श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो. मास्क, हातमोजे आणि ओलं फडकं, याशिवाय माणूस आत पाठवूच नये. आणि डाळीची हवा नळ्यांच्या दुसऱ्या बाजूने जाते, म्हणून नळीला भोक पडू देणं हा नुसत्या यंत्राच्या दुरुस्तीचा विषय नाही, लोकांच्या ताटाचा आहे.

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात नोकरी केलेल्या मामांशी बोललो, तेव्हा कळलं की सुपरहीटरच्या, म्हणजे बॉयलरची वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांनाही असाच पापुद्र्यांचा ताप. तिथे आतून वाफेने थर चढतो, बंद-चालू करताना सुटतो आणि वळणात साचून नळी तुंबते.

३१०चा भाव आम्हाला ३०४च्या दुपटीच्या घरात पडला. भट्टी ५०० अंशांच्या खाली चालत असेल तर हा खर्च करू नका, ३०४ पुरेल. आमच्यासारखं तापमान आणि ओलं इंधन असेल तर मी ३१०च घेईन. पुढच्या पावसाळ्याआधी नळ्यांची पहिली रांगही ३१०ची करतोय आणि पऱ्हाट्यांवर पत्र्याची शेड टाकतोय; शेडचं काम आधी.