प्रबंधासाठी घानातला छोटा पक्ष: सीपीपी घ्यावा की पीएनसी?

घानातली सत्ता हत्ती आणि छत्री या दोन निवडणूक चिन्हांतच, म्हणजे एनपीपी आणि एनडीसी या दोन मोठ्या पक्षांतच, आलटूनपालटून फिरते, हे तुम्हाला माहीत असणारच. नाहीतर तिथल्या छोट्या पक्षावर एम.ए.चा लघुप्रबंध लिहायचं खूळ डोक्यात शिरलंच नसतं. माझ्याही शिरलं होतं. तेव्हा घोडं दोनच नावांवर अडलं: कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी (सीपीपी) आणि पीपल्स नॅशनल कन्व्हेन्शन (पीएनसी). तिसरा छोटा पक्ष, प्रोग्रेसिव्ह पीपल्स पार्टी (पीपीपी), मी आधीच बाजूला ठेवला. तो पापा क्वेसी एन्डूम यांचा पक्ष. प्रबंधाऐवजी एका माणसाचं चरित्र हातात येतं.

पहिली ओढ सीपीपीचीच लागते. लाल कोंबड्याचं चिन्ह, १९४९ची स्थापना, संस्थापक आणि पुढे घानाचे पहिले अध्यक्ष झालेले क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असताना जिंकलेली १९५१ची निवडणूक, पुढे १९५७ला स्वातंत्र्य. संदर्भग्रंथ हवे तेवढे. शिवाय नेहरू आणि अलिप्ततावाद आला की आपल्याकडचे मार्गदर्शक खूश. मीही महिनाभर हाच पक्ष धरून बसलो होतो.

माझा प्रश्न तसा सरळ होता. ज्या पक्षानं देश स्वतंत्र केला, त्याला २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत शेकडा ०.१ मतंही का मिळू नयेत? पण हा प्रश्न कुणी ऐकूनच घेईना. पुस्तक उघडा, एन्क्रुमा. वर्गात विषय मांडला, तर वीस मिनिटांतली पंधरा एन्क्रुमा आणि नंतरचे सगळे प्रश्न त्यांना सत्तेवरून हटवणाऱ्या १९६६च्या लष्करी उठावावर. शेवटी वैतागून टिपणांच्या वहीत २४ फेब्रुवारी १९६६ या तारखेखाली लाल रेघ मारली आणि पानं मोजली. रेघेच्या अलीकडे साठेक, पलीकडे अकरा. त्या अकरांतलीही बरीचशी त्यांच्या मुलीची, सामिया एन्क्रुमा यांची. २००८ला जोमोरो मतदारसंघातून त्या निवडून आल्या, संसदेतली सीपीपीची ती एकुलती एक जागा, आणि २०१२ला तीही गेली. म्हणजे बापातून सुटलो तर लेकीत अडकलो. तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त चिकाटी असेल तर गोष्ट वेगळी, पण माझा सीपीपी तिथंच सुटला.

पीएनसीत हा जाच नाही. वारसा तोही एन्क्रुमांचाच सांगतो, पण १९९२ला बहुपक्षीय राजकारण परतलं तेव्हा बंदी घातलेल्या जुन्या पक्षांची नावं आणि चिन्हं वापरायला मनाई होती. एन्क्रुमावादी विखुरले आणि त्यातलाच एक गट म्हणजे हिला लिमान यांचा पीएनसी. लिमान उत्तरेतल्या ग्वोलूचे. १९७९ला निवडून आलेले अध्यक्ष, ३१ डिसेंबर १९८१ला लष्करी उठाव करून जेरी रॉलिंग्जनी त्यांना खाली खेचलं. अकरा वर्षांनी हा माणूस त्याच रॉलिंग्जसमोर मतं मागायला उभा राहिला! मिळाली ६.७ टक्के, क्रमांक तिसरा. पहिलं प्रकरण इथंच बसतं.

पुढची उतरती भाजणीही अभ्यासायला सोयीची आहे. संसदेत २००४ला चार जागा, २००८ला दोन, २०१२ला एक, २०१६ला भोपळा. त्याच २०१६ला निवडणूक आयोगानं अर्जातल्या चुकांवरून तेराएक अध्यक्षीय उमेदवार बाद केले होते, त्यात पीएनसीचे एडवर्ड महामाही होते. एन्डूम यांच्या अर्जात तर एकाच सूचकानं दोन जिल्ह्यांत सह्या केल्याचा आक्षेप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, चुका दुरुस्त करायची मुभा मिळाली आणि काही जण परत आले, महामाही. छोट्या पक्षाची दमछाक नेमकी कुठं होते, हे मला त्या कागदपत्रांतून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही सिद्धांतातून कळलं नाही.

पीएनसीचा ताप आहे तो अक्षरांचा. लिमान यांचा १९७९चा पक्ष पीएनपी, १९९२चा पीएनसी, आणि त्यांना उलथवणारं रॉलिंग्जचं सरकार पीएनडीसी. माझ्या पहिल्या खर्ड्यात एका ठिकाणी लिमान यांनी स्वतःलाच पदच्युत केलं होतं. त्यात २०१६च्या मतपत्रिकेवर महामा दोन: अध्यक्ष जॉन आणि आपले डॉक्टर एडवर्ड. रंगीत पेन्सिली घ्या, आठवड्याभरात हात बसतो. संदर्भही सीपीपीच्या मानानं कमी, हे कबूल. बराच वेळ निकालाचे तक्ते आणि जुनी वर्तमानपत्रं चाळण्यात जातो.

तरीही सीपीपीच घ्यायचा ठरला, तर माझी हरकत असायचं कारण नाही. फक्त सुरुवात १९९२पासून करा, आणि नेहरूंना मार्गदर्शकांच्या समाधानासाठी एखाद्या तळटीपेत बसवा.