1934 च्या शर्यतीतलं विमान कोणतं? जुन्या फोटोतले उमेदवार समोरासमोर

कराची, जबलपूर किंवा अलाहाबादला नोकरी केलेल्या कुणाच्या तरी अल्बममधून एक फोटो निघतो. मोकळं मैदान, सोला टोप्या घातलेले साहेब, कडेला चपराशी आणि मधोमध चकचकीत विमान. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘एअर रेस, 1934’. घरातले ठामपणे सांगतात, शर्यत जिंकलेलं विमान ते हेच. आता फोटो स्कॅन करून खाली नाव लिहायचं आहे, किंवा असाच एखादा प्रिंट कुणी विकायला काढलाय आणि तो घ्यावा की नाही हे ठरवायचं आहे. अशा वेळी कोणत्या विमानाच्या बाजूनं कौल द्यायचा, त्यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटो भारतातला असेल तर तो जिंकलेल्या विमानाचा असण्याची शक्यता इतर दोन-तीन उमेदवारांपेक्षा कमीच आहे. ते विमान अलाहाबादला उतरलं, इंधन भरून घेतलं आणि गेलं. बाकीची काही तिथे अडकली, एक तर तिथेच जळालं, आणि एकाची भावंडं पुढची काही वर्षं त्याच धावपट्टीवर ये-जा करत राहिली. कॅमेऱ्याला सवड मिळाली ती यांच्यापुढे.

शर्यत म्हणजे मॅकरॉबर्टसन एअर रेस. मेलबर्नमध्ये चॉकलेट-गोळ्यांचा कारखाना चालवणारे सर मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी शहराच्या शताब्दीसाठी ती पुरस्कृत केली. इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉलहून 20 ऑक्टोबर 1934 च्या पहाटे 20 विमानं निघाली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल इथे थांबणं सक्तीचं होतं. म्हणून मेलबर्नला जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला अलाहाबादच्या बमरौली विमानतळावर उतरावंच लागलं. कराचीचा थांबा सक्तीचा नव्हता, पण वाटेवरच होता. ते शहर तेव्हा मुंबई इलाख्यात मोडायचं, त्यामुळे मराठी घरांतून असे फोटो निघाले तर नवल वाटायला नको.

पहिला प्रश्न इंजिनांचा. फोटोत आधी इंजिनं मोजा आणि ती कशी आहेत ते पाहा. समोरून परातीसारखं गोल दिसणारं रेडियल इंजिन आहे की सिलिंडर एका ओळीत असलेलं, चपट्या लांबट खोक्यातलं? एवढ्यावर निम्मे उमेदवार गळतात. दोन इंजिनं, दोन्ही अरुंद, लांब नाक आणि वैमानिकांची बसायची जागा पार मागे, पंखाच्या मागच्या कडेजवळ असेल, तर ते डी हॅविलंडचं डीएच-88 कॉमेट. त्या नाकात पेट्रोलच्या टाक्या होत्या, म्हणूनच माणसं एवढी मागे ढकलली गेली. दोन इंजिनं पण दोन्ही गोल, धातूचं चमकतं अंग आणि कडेला प्रवाशांच्या खिडक्यांची रांग असेल, तर डग्लस डीसी-2 किंवा बोईंग 247. तीन इंजिनं असतील तर गोष्ट वेगळीच, ती पुढे येईलच.

आता सगळ्यात किचकट पेच. कॉमेट या शर्यतीसाठीच बांधली गेली आणि त्यात तीन धावली. तिन्ही लाकडी, तिन्हींना 230 अश्वशक्तीची दोन जिप्सी सिक्स आर इंजिनं, आकारात काहीच फरक नाही. फरक रंगाचा आणि अंगावर लिहिलेल्या नोंदणीच्या अक्षरांचा. जी-एसीएसएस हे लाल, नाव ‘ग्रोव्हनर हाउस’. स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी हेच सुमारे 71 तासांत मेलबर्नला नेऊन शर्यत जिंकली. जी-एसीएसपी हे काळं आणि सोनेरी, नाव ‘ब्लॅक मॅजिक’. ते जिम मॉलिसन आणि एमी जॉन्सन या नवरा-बायकोचं. जी-एसीएसआर गडद हिरवं, त्याला नावच नव्हतं. मोटार शर्यतींत नाव काढलेले बर्नार्ड रूबिन त्याचे मालक, आणि ते चालवलं कॅथकार्ट जोन्स आणि वॉलर यांनी.

काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल, काळा आणि गडद हिरवा वेगळे कसे ओळखायचे? लोक इथेच फसतात. विमान काळंकुट्ट दिसतंय, म्हणजे ‘ब्लॅक मॅजिक’, असं म्हणून मोकळे होतात. पण त्या काळी घरगुती कॅमेऱ्यात बहुधा ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असे. कोडॅकची 1931 सालची व्हेरिक्रोमही त्याच जातीची. या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटते आणि निळं आकाश पांढरंफटक येतं. लाल दिव्याच्या उजेडात धुता येते, म्हणून स्टुडिओवाल्यांनाही ती सोयीची. अशा फिल्मवर लाल ‘ग्रोव्हनर हाउस’ आणि काळं ‘ब्लॅक मॅजिक’ जवळजवळ सारखीच काळी दिसणार, आणि हिरवं जी-एसीएसआर त्यांच्यापेक्षा थोडं फिकं. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारी फिल्म असेल तर उलटा खेळ: काळं काळंच राहतं, पण लाल आणि हिरवा दोन्ही करड्यावर येतात आणि एकमेकांत मिसळतात.

त्यामुळे रंगावरून काही ठरवण्याआधी फिल्म कोणती ते ठरवा. त्याची खूण फोटोतच असते. शेजारी ब्रिटिश हवाईदलाचं विमान उभं असेल तर त्याच्या पंखावरचं गोल चिन्ह पाहा. आतला लाल ठिपका काळा आणि बाहेरचं निळं कडं फिकट दिसत असेल तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. युनियन जॅक असेल तरी तेच: निळी जमीन लाल पट्ट्यांपेक्षा उजळ दिसते. यांपैकी काहीच नसेल तर चपराशाचा पट्टा पाहा. सरकारी कचेरीतल्या शिपायाचा पट्टा बहुधा लाल असे. तो बुटाइतकाच काळा दिसत असेल तर विमानाच्या काळेपणावर विश्वास ठेवू नका.

रंग फसवा निघाला तर अक्षरांकडे वळा. तिन्हींच्या नोंदणीचं फक्त शेवटचं अक्षर वेगळं: पी, आर किंवा एस. फोटो धूसर असला, अर्धं अक्षर कुणाच्या टोपीआड गेलं असलं, तरी पी आणि आरला डावीकडे सरळ उभा दांडा असतो, एसला नसतो. दांडा दिसला की ‘ग्रोव्हनर हाउस’ बाद. मग पी की आर ते खालच्या तिरक्या पायावरून ठरवा, आणि नेमकी तीच जागा पंखाच्या सावलीत जाते. तेव्हा शेपटावरचा शर्यतीचा क्रमांक कामी येतो: 34 म्हणजे ‘ग्रोव्हनर हाउस’, 63 म्हणजे ‘ब्लॅक मॅजिक’, 19 म्हणजे हिरवं. अक्षरांचा उठावही बोलका असतो. लाल अंगावरची पांढरी अक्षरं कुठल्याही फिल्मवर ठळक येतात. ‘ब्लॅक मॅजिक’ची सोनेरी अक्षरं मात्र ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर मंद पडतात, कारण तिथे पिवळ्या छटाही काळपट होतात. काळ्या विमानावर अक्षरं जेमतेम वाचता येत असतील तर मी मॉलिसन दांपत्याच्या बाजूनं झुकेन.

जागा कळली असेल तर तिच्याइतका भक्कम साक्षीदार नाही. मॉलिसन दांपत्यानं कराची विक्रमी वेळात, सुमारे 22 तासांत गाठली. तिथून पुढे वाट चुकली आणि इंधन संपत आल्यामुळे जबलपूरला उतरावं लागलं. विमानाचं पेट्रोल तिथे मिळेना. मोटारीचं भरून निघाले, तर अलाहाबादपर्यंत इंजिनं खराब झाली आणि शर्यत तिथेच संपली. म्हणून फोटो खात्रीनं जबलपूरचा आणि त्याच ऑक्टोबरचा असेल, तर त्यातलं कॉमेट ‘ब्लॅक मॅजिक’च, रंगाची, अक्षरांची चर्चा हवी कशाला? फोटो अलाहाबादचा असेल आणि इंजिनांवरची आवरणं काढलेली, भोवती निवांत उभी माणसं असं दृश्य असेल, तरी माझा कौल त्यालाच. जिंकायच्या घाईत असलेल्या विमानाभोवती अशी निवांत माणसं दिसत नाहीत.

तीन इंजिनांचा फोटो असेल तर जपून ठेवा. शर्यतीत एकच विमान तसं होतं: हॉलंडचं पांडर पोस्टयागर, पीएच-ओएसटी. खालच्या बाजूला पंख, आत घेता येणारी चाकं, राइट कंपनीची तीन इंजिनं. अलाहाबादला धावपट्टीवर ते एका गाडीवर आदळलं आणि पेटलं. तिघे वैमानिक वाचले, विमान राहिलं नाही. विकणारे मात्र कुठलंही तीन इंजिनांचं डच विमान त्याच्या नावावर खपवतात. केएलएम या डच विमान कंपनीची फॉकर विमानं त्या मार्गावर नेहमीच असत, पण त्यांचे पंख वर, छपराच्या पातळीला, आणि चाकं कायम बाहेर. पंख खाली की वर एवढं पाहिलंत तरी काम झालं.

आता धातूची दोन विमानं. केएलएमचं डीसी-2 ‘उइव्हर’, पीएच-एजेयू, पार्मेंटिए आणि मोल यांनी चालवलेलं. प्रवासी आणि टपाल घेऊन ते दुसरं आलं आणि हँडिकॅप विभागात, म्हणजे विमानाची ताकद आणि ओझं पाहून वेळेत सवलत देणाऱ्या विभागात, पहिलं ठरलं. त्याच्या मागोमाग अमेरिकन रॉस्को टर्नर आणि क्लाइड पँगबोर्न यांचं बोईंग 247डी, एनआर257वाय. लांबून दोन्ही सारखीच वाटतात. खिडक्या मोजा: डीसी-2 चौदा प्रवाशांचं, म्हणून एका बाजूला सात, बोईंग दहा प्रवाशांचं, म्हणून पाच. डीसी-2 च्या नाकावर समोर दोन मोठे दिवे असतात, समोरून घेतलेल्या फोटोत ते लगेच डोळ्यांत भरतात. शेजारी माणूस उभा असेल तर डीसी-2 चा थोरपणाही कळतो: त्याचा पंखविस्तार जवळपास 26 मीटर, बोईंगचा साडेबावीसच्या आसपास.

डीसी-2 ठरलं म्हणजे ‘उइव्हर’ ठरलं असं मात्र नाही. ‘उइव्हर’ त्याच डिसेंबरात इराकमध्ये रुतबाजवळ कोसळलं आणि आतले सगळे गेले. पुढच्या वर्षापासून केएलएमनं आणखी डीसी-2 आणली आणि ती अ‍ॅमस्टरडॅम-बटाव्हिया (आजचं जकार्ता) मार्गावर जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता अशी नियमित ये-जा करू लागली. भारतातल्या अल्बममधलं डीसी-2 बहुधा यांपैकीच एखादं. निवाडा करायची एक छान सोय केएलएमनंच करून ठेवली आहे. विमानांना पक्ष्यांची नावं आणि नावाचं पहिलं अक्षर म्हणजे नोंदणीचं शेवटचं. पीएच-एजेयूचं ‘उइव्हर’, पीएच-एकेएलचं ‘लाइस्टर’. नाकावरच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर वाचता आलं तरी विमान हाती लागतं. शेपटावर 44 आकडा असेल तर मात्र ते शर्यतीतलं ‘उइव्हर’च.

इतर स्पर्धकांत अडकण्याचं फारसं कारण नाही. दुपंखी विमान दिसलं तर बहुधा न्यूझीलंडचं ड्रॅगन रॅपिड किंवा फेअरी कंपनीचं फॉक्स किंवा 3एफ. रॅपिडला दोन इंजिनं, फेअरीच्या विमानांना एक.

कॉमेटकडे पुन्हा येतो, कारण 1934 नंतरचे फोटोही शर्यतीचे म्हणून फिरतात. ‘ग्रोव्हनर हाउस’ पुढे ब्रिटिश हवाईदलानं घेतलं आणि त्यावर के5084 हा आकडा आला. 1937 मध्ये ते ‘द बर्बेरी’ नावानं केपटाउनला जाऊन आलं, 1938 मध्ये पार न्यूझीलंडला. ‘ब्लॅक मॅजिक’ पोर्तुगालला गेलं आणि ‘सालाझार’ झालं. यांपैकी काही लिहिलेलं दिसलं तर फोटो शर्यतीचा नाही. शेपटाखाली पाहा: शर्यतीत तिथे चाक नव्हतं, स्किड म्हणतात ती जमिनीला घासत जाणारी दांडी होती. चाक दिसलं तर फोटो नंतरचा. मूळ जी-एसीएसएस आजही इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात आहे आणि अमेरिकेत त्याची उडणारी प्रतिकृतीही बनली आहे. त्या दोघांचे फोटो काळे-पांढरे करून जुने म्हणून विकणं अवघड नाही.

प्रिंट विकत घेत असाल तर मागच्या बाजूचा फोटोही मागा. वृत्तपत्रांच्या प्रिंटवर चिकटवलेल्या मजकुराची तारीख बहुधा फोटो वाटल्याची असते, काढल्याची नसते, आणि त्याच मजकुरात मूळ जागेचं नाव सापडू शकतं. अंकावाचून, अक्षरावाचून, नुसत्या काळेपणावर ‘विजेतं विमान’ म्हणून जास्त किंमत मागत असतील तर मी देणार नाही. जबलपूरचा शिक्का असलेलं कॉमेट किंवा अलाहाबादचं खालच्या पंखांचं तीन इंजिनांचं विमान असेल तर मात्र घासाघीस करत बसणार नाही.

अल्बमखाली लिहिताना आधी जातीचं नाव, मग जागा, मग अंदाज: ‘डीएच-88 कॉमेट, अलाहाबाद, ऑक्टोबर 1934, बहुधा ब्लॅक मॅजिक’. आणि पेन्सिलीनं लिहिलेलं जुनं वाक्य चुकीचं निघालं तरी खोडू नका, तेही स्कॅन करून सोबत ठेवा.