आयकॅन, वायपो, संयुक्त राष्ट्रे की आयटीयू: कोल्हापुरातल्या संस्थेनं कुठलं दार ठोठवावं?

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आपल्या संस्थेनं भाग घ्यायचा विषय कार्यकारिणीत निघाला की पहिला प्रश्न येतो, "आत जायचा पास कुठं मिळेल?" खरं तर तो दुसरा प्रश्न आहे. आधी पाहायचं ते असं: ज्या मसुद्यावर वाटाघाट चालू आहे, त्यात आपल्याला शब्द बदलायला सांगता येतं का, आणि सांगितलेलं नोंदीवर राहतं का? मागच्या खुर्चीत बसून तीन दिवस ऐकायचं असेल, तर त्यासाठी जिनिव्हाचं तिकीट काढायची गरज नाही. बऱ्याच बैठका थेट प्रक्षेपणावर दिसतात.

आयकॅन

इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी ही संस्था 1998 ची, कॅलिफोर्नियात नोंदलेली. इथं सरकारंसुद्धा सल्लागार समितीत बसतात, त्यामुळे छोट्या संस्थेला सर्वांत मोकळं दार हेच. आत शिरायच्या वाटा मात्र दोन आहेत आणि त्यांची गल्लत हमखास होते. 'अ‍ॅट-लार्ज' ही सामान्य वापरकर्त्यांची वाट. आपल्यासाठी तिचा आशिया-पॅसिफिक विभाग, आणि काम संचालक मंडळाला सल्ला देण्याचं. दुसरी वाट 'एनसीयूसी' या अव्यापारी गटाची. .कॉम किंवा .ऑर्गसारख्या नावांचं धोरण ठरवणाऱ्या जीएनएसओ परिषदेत अव्यापारी बाजूला 6 जागा आहेत. वर्गणी दोन्हीकडे नाही, आणि व्यक्ती म्हणून अर्जही दोन्हीकडे चालतो. मसुद्यात हात घालायचा असेल तर दुसरी वाट धरावी.

सदस्य नसतानाही अभिप्राय देता येतो. मसुदा साधारण 40 दिवस खुला राहतो, नंतर आलेल्या अभिप्रायांचा सारांश अहवाल निघतो. "इंटरनेट सर्वांसाठी खुलं असावं" असं लिहिलं तर ते 'सर्वसाधारण मत' म्हणून बाजूला पडतं. अमुक शिफारशीच्या दुसऱ्या वाक्यात 'मे' च्या जागी 'मस्ट' करा, कारण हे, असं लिहिलं की कार्यगटाला त्यावर चर्चा करणं भाग पडतं.

बारकाव्याचं वजन इथं किती असतं, याचा मराठीतलाच दाखला आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक फक्त त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चा. संगणकावर तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात न दिसणारं जोडचिन्ह लागतं, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ. पत्त्यातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या नावात, म्हणजे .भारत असतं त्या जागी, न दिसणारी चिन्हं चालत नाहीत. देवनागरीचे नियम ठरवणाऱ्या स्वयंसेवी गटानं म्हणून टिंबवाल्या ऱ ची वाट ठेवली. हिंदीत हा अर्धा र वापरातच नाही. मराठी, कोकणी, नेपाळी जाणणारं माणूस टेबलाशी नसतं तर हा मुद्दा मांडला कोणी असता?

वैताग वेगाचा आहे. नव्या नावांच्या पुढच्या फेरीच्या नियमांवरचा कार्यगट 2016 ला बसला, अंतिम अहवाल 2021 ला आला. ऑनलाइन बैठकांच्या वेळा जगभर आलटूनपालटून ठेवतात, म्हणजे कधीतरी रात्री दोनलाही जागावं लागतं. नवीन माणसं बहुतेक तिसऱ्या महिन्यात गळतात. एकाऐवजी दोघांची जोडी लावा, बैठका वाटून घ्या.

वायपो

बौद्धिक संपदेची ही जिनिव्हातली संघटना सरकारांची आहे. निरीक्षक संस्था सदस्य देशांनंतर बोलतात. दुरुस्ती मांडायची तर एखाद्या देशानं ती आपली म्हणून उचलावी लागते. तरी हे दार कमी लेखू नये. अंध वाचकांसाठीचा मराकेश करार पाहा. त्यामागचा मसुदा जागतिक अंध संघटनेचा. 2009 मध्ये ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे यांनी तो मांडला, 27 जून 2013 ला करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, जून 2014 मध्ये. 30 सप्टेंबर 2016 पासून तो लागू आहे. मराठी पुस्तकं ब्रेल किंवा बोलक्या स्वरूपात करणाऱ्या, ती देशाबाहेर पाठवणाऱ्या ग्रंथालयाला याचा थेट उपयोग आहे.

कायम निरीक्षकपद महासभेकडून मिळतं, तर कॉपीराइट समितीसारख्या एका समितीपुरता वेगळा अर्ज करता येतो. आपल्याला दुसरा पुरेसा. राष्ट्रीय संस्थेबाबत आधी तिच्या देशाशी सल्लामसलत होते, तेव्हा दिल्लीला आपलं नाव ठाऊक असलेलं बरं.

संयुक्त राष्ट्रे

सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार 24 डिसेंबर 2024 ला महासभेनं स्वीकारला. वाटाघाटीत संस्थांना औपचारिक सत्रांत बसता आलं, वेळ उरला तर बोलताही आलं. पण शब्दांची खरी ओढाताण अनौपचारिक खोल्यांत झाली, आणि तिथलं दार बंद. इकोसॉकचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा, सल्लागार दर्जा नसलेल्या संस्थांवर कुठलाही देश हरकत घेऊ शकत होता. सायबर सुरक्षेच्या कार्यगटातही अशा हरकतींनी अनेक संस्था बाहेर राहिल्या.

म्हणून बरेच जण दर्जाच्या मागे लागतात. तो फुकट आहे, पण लांबचा. नोंदणीला किमान 2 वर्षं झालेली हवीत. अर्जाची शेवटची तारीख 1 जून, विचार पुढच्या वर्षी. 19 देशांच्या समितीतल्या कोणीही प्रश्न टाकला की प्रकरण पुढच्या सत्रावर जातं. कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच लागतात. धर्मादाय कार्यालयातली घटना मराठीत असते, तिचं प्रमाणित भाषांतर आधी करून घ्या. 'प्रतिष्ठान'चं रोमन स्पेलिंग पॅनवर एक आणि ठरावाच्या लेटरहेडवर दुसरं, ही चूक नेहमीची. दर्जा मिळाल्यावर दर 4 वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. केवळ लेटरहेडवर छापायला हवा असेल तर या भानगडीत पडू नये.

आयटीयू आणि बाकीचे

आयटीयू ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. तिथं कारभार देशांचा. दूरसंचार मानकांच्या विभागात सदस्य व्हायचं तर वर्षाला किमान 31,800 स्विस फ्रँक, म्हणजे ट्रस्टला विसरायलाच हवं. विकसनशील देशांतल्या विद्यापीठ-महाविद्यालयांना मात्र सुमारे 2,000 फ्रँकांत प्रवेश आहे. कोल्हापुरात ही वाट अभियांत्रिकी महाविद्यालयानं घ्यावी आणि संस्थेनं त्यांच्याशी जोडून घ्यावं. नाहीतर दूरसंचार विभागाच्या राष्ट्रीय कार्यगटांमार्फत भारताच्या भूमिकेत मुद्दा घालायचा प्रयत्न करावा.

जागतिक व्यापार संघटनेत संस्थांना वाटाघाटीत जागाच नाही. तिथला ई-कॉमर्सचा प्रश्न दिल्लीतच लढवायचा. इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, 2006 पासूनचा, म्हणजे जोतिबाची चैत्र यात्रा. सासनकाठ्या जगभरच्या येतात, ओळखी भरपूर होतात, निर्णय एकही होत नाही. एकदा जावं, दरवर्षी नको.

कोणी काय निवडावं

संध्याकाळी दोन तास देणारा एकच माणूस असेल, तर एनसीयूसीचं सदस्यत्व आणि वर्षाला दोन नेमके अभिप्राय. भाषा किंवा लिपीचं काम असेल तरी हेच. ग्रंथालय किंवा अंधांची शाळा असेल तर वायपोची कॉपीराइट समिती. वकिलांचा गट असेल आणि सायबर गुन्ह्यांच्या कायद्यावर काम चालू असेल, तर इकोसॉकचा अर्ज आजच भरायला घ्या, पण दर्जा मिळेपर्यंत तो आधीच असलेल्या एखाद्या संघटनेच्या प्रतिनिधी यादीत नाव घालून मिळतं का ते पाहा.

प्रत्यक्ष गेलात तर बोलायला दोन-तीन मिनिटं. दोन मिनिटांत इंग्रजीचे अडीचशेच शब्द बसतात. मजकूर आदल्या दिवशी दुभाष्यांकडे द्या. घाईनं वाचलं की भाषांतर तुटतं आणि स्पॅनिश ऐकणाऱ्या प्रतिनिधीला अर्धंच कळतं. घरून ऐकणार असाल तर जिनिव्हाचे सकाळचे दहा म्हणजे इथले उन्हाळ्यात दुपारचे दीड, थंडीत अडीच.

प्रवासखर्चाची मदत घेताना सीएला आधी विचारा. परदेशी पैसा संस्थेच्या खात्यात घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. संयुक्त राष्ट्रे आणि तिच्या विशेष संस्था कायद्यानं 'परदेशी स्रोत' धरल्या जात नाहीत, म्हणजे वायपो आणि आयटीयू त्यातून सुटतात. आयकॅन ही संयुक्त राष्ट्रांची संस्था नाही. तिच्या फेलोशिपसाठी अर्ज करणारा माणूस सरकारी नोकरीत असेल, तर परदेशी पाहुणचारासाठी गृहमंत्रालयाची परवानगी तिकीट काढण्याआधी हातात हवी.